ठशांचा छंद

नोकरीच्या वेळात माणूस काय करतो याची नोंद कचेरीच्या दप्तरात राहते. उरलेल्या वेळात तो काय करतो याची नोंद कोणी ठेवीत नाही. परंतु पुष्कळ माणसांच्या बाबतीत ही दुसरी नोंदच अधिक मोलाची ठरते. काशीच्या टांकसाळीत दहा वर्षे धातूंचा कस पाहण्याचे काम केलेल्या एका अधिकाऱ्याची हकीकत या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याला चित्रे काढण्याचा आणि ती दगडावरून छापण्याचा छंद होता. वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या या छंदाने पुढे भारताच्या इतिहासाचे एक बंद दार उघडले. छंद म्हणजे रिकाम्या वेळाची करमणूक, फार तर वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य ऐकावी.

या अधिकाऱ्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. त्याचा जन्म १७९९ सालचा. इंग्लंडमध्ये तो वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत होता. परंतु बारीक रेखाटनाच्या श्रमाने त्याचे डोळे बिघडले आणि तो व्यवसाय त्याला सोडावा लागला. मग धातुपरीक्षेचे शिक्षण घेऊन तो १८१९ साली कलकत्त्यास आला आणि १८२० साली काशीच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून रुजू झाला. ज्या डोळ्यांनी एकदा दगा दिला होता, ते बरे झाल्यावर त्याने पुन्हा रेखाटनाच्याच कामाला लावले, हे विशेष. टांकसाळीचे काम आटोपले की तो काशीच्या गल्ल्यांतून आणि घाटांवरून हिंडे. त्याने शहराची मोजणी करून नकाशा तयार केला. १८२८-२९ च्या सुमारास त्याने लोकसंख्येची गणना केली, तेव्हा पूर्वी सहा लाखांच्या घरात समजली गेलेली शहराची वस्ती प्रत्यक्षात १,८०,००० च्या आसपास भरली. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः पाहावयाचे, मोजावयाचे आणि मग कागदावर उतरवावयाचे, हा त्याचा स्वभावच होता.

काशी हे रेखाटनकाराची परीक्षा पाहणारे शहर आहे. गंगेने घेतलेले अर्धचंद्राकृती वळण, त्यावर एकावर एक चढत गेलेल्या पायऱ्या, त्यांमागे वाड्यांच्या उंच भिंती आणि मध्येच डोकावणारी देवळांची शिखरे, हे सारे एका कागदावर बसविणे सोपे नव्हे. महाराष्ट्राला तर हे दृश्य परके नाही. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारले; नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा घाट तेथे आहे; दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. प्रिन्सेपने हे शहर काढले ते नुसते दुरून दिसणाऱ्या देखाव्याप्रमाणे नव्हे. मणिकर्णिकेचा घाट, ठठेरी बाजारातील भांड्यांची दुकाने, अन्नपूर्णेच्या देवळात पुराण सांगत बसलेले पुराणिक, चंद्रग्रहणासाठी लोटलेले यात्रेकरू, बुढवा मंगलच्या उत्सवातील नावा, असे चालते-बोलते शहर त्याने कागदावर आणले. त्याची ही रेखाटने लंडनमधील कुशल कारागिरांनी दगडावर उतरविली आणि १८३० ते १८३४ या काळात ती काशीच्या चित्रमालिकेच्या रूपाने भागाभागाने प्रसिद्ध झाली.

या चित्रांतील पंचगंगा घाटावरचे चित्र पाहिले म्हणजे छापचित्राचा एक मोठा उपयोग ध्यानात येतो. त्या घाटावरील आलमगिरी मशिदीचे उंच मिनार एके काळी साऱ्या शहरावर उठून दिसत. लोक त्यांना ‘बेणीमाधवाचा धरहरा’ म्हणत. हे मिनार खिळखिळे झाले तेव्हा प्रिन्सेपनेच त्यांची दुरुस्ती केली होती. आज ते मिनार तेथे नाहीत. चित्रात मात्र ते ताठ उभे आहेत. एकच चित्र काढले असते तर ते कोणा एकाच्या दिवाणखान्यात राहिले असते, आणि वाळवी किंवा आग यांपैकी कशाने तरी नाहीसे झाले असते. छापल्यामुळे त्याच्या अनेक प्रती झाल्या, अनेक ठिकाणी गेल्या, आणि म्हणून ते वाचले.

त्या काळी गंगेच्या काठावर हा छंद लागलेला प्रिन्सेप हा एकटाच अधिकारी नव्हता. पाटण्यास सर चार्ल्स डॉयली हा कंपनी सरकारच्या अफूच्या खात्याचा प्रमुख होता. अफूच्या पेट्यांचा हिशेब करून जो वेळ उरे तो सारा तो चित्रांत घालवी. त्याने १८२०-३० च्या दशकात आपल्या घरीच शिळाछापाचे यंत्र बसविले, मित्रमंडळींना त्या नादी लावले आणि हौशी मंडळींच्या चित्रांचे संग्रह छापून काढले. जयरामदास नावाचा पाटण्याचा एक चित्रकार त्याच्या छापखान्यात मदतनीस होता. अफूच्या व्यापाराने जगाचे काय भले केले हे सांगणे कठीण आहे. या हौशी छापखान्यातून निघालेली चित्रे मात्र आजही संग्रहालयांतून जपून ठेवलेली आहेत.

येथे ही शिळाछापाची विद्या म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. ठसा उमटविण्याचे चार मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची तत्त्वे आपल्या नित्याच्या पाहण्यातली आहेत. कचेरीतील रबरी शिक्क्यात अक्षर उंच असते. शाई त्या उंच भागाला लागते आणि तोच उमटतो. छिटाच्या कापडावरचे लाकडी ठसे याच जातीचे. दुसऱ्या प्रकारात याच्या नेमके उलट घडते. तांब्याच्या पत्र्यावर रेघा खोल कोरतात किंवा तेजाबाने खाववितात. शाई त्या चरांत भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद दाबून चरांतील शाई वर ओढून घेतात. तिसरा प्रकार प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भोके पाडलेल्या छापातून रांगोळी खाली पडते आणि वेल उमटते. त्याचप्रमाणे जाळीच्या कापडातून शाई उतरवून चित्र छापतात.

चौथा प्रकार शिळाछापाचा. त्यात दगडावर उंच काही नसते आणि खोलही काही नसते. दगड सपाटच राहतो. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ च्या दरम्यान ही युक्ती शोधून काढली. तो नाटके लिही, पण ती छापविण्याची त्याची ऐपत नव्हती. स्वस्त छपाईसाठी त्याची धडपड चालू असता एके दिवशी धोब्याला द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहावयास जवळ कागद सापडेना. तेव्हा त्याने ती मेणकट शाईने जवळच्या चुनखडकाच्या दगडावरच लिहिली. त्यातून पुढे प्रयोग करता करता त्याला तेल आणि पाणी यांच्या वैराचा उपयोग सुचला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, त्यावर गोंद व सौम्य तेजाब यांचा संस्कार करावयाचा, मग दगड पाण्याने भिजवावयाचा. जेथे खडू आहे तेथे पाणी ठरत नाही. जेथे खडू नाही तेथे ठरते. आता त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त चित्राला चिकटते, ओल्या दगडाला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटले. छिन्नी चालविण्याचे कसब ज्याच्या हाती नाही, पण जो खडूने रेखाटू शकतो, अशा माणसाला ही विद्या वरदानच होती. हौशी लोकांनी ती इतक्या आवडीने उचलली याचे कारण हेच.

१८३० साली काशीची टांकसाळ बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्यास परतला. १८३२ साली तो एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला. संस्थेच्या नियतकालिकातून जुनी नाणी आणि शिलालेख प्रसिद्ध करण्याचा त्याने सपाटा लावला. त्यांच्या नकला तयार करून दगडावर चढविण्याचे किचकट काम तो पुष्कळदा स्वतःच करी. पगारी कारागीर मिळत नव्हते असे नव्हे. पण काशीत जडलेली सवय सुटण्यासारखी नव्हती.

त्या वेळी भारतातील सर्वांत जुने शिलालेख हे एक कोडे होते. दिल्ली, अलाहाबाद, गिरनार, ओडिशा अशा दूरदूरच्या ठिकाणी एकाच सरळ, साध्या वळणाच्या लिपीत कोरलेले लेख होते. पण ते कोणालाही वाचता येत नव्हते. १४ व्या शतकात फिरोजशहा तुघलकाने एक स्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा त्यावरील मजकूर लावणारा विद्वान त्याला मिळाला नव्हता. १८३६ साली लासेन नावाच्या पंडिताने एका द्विभाषिक नाण्याच्या आधाराने काही अक्षरे लावली होती. परंतु लेख वाचण्यास ती पुरेशी नव्हती.

१८३७ साली कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने सांचीच्या स्तूपावरील लेखांच्या प्रतिकृती प्रिन्सेपकडे पाठविल्या. स्तूपाच्या कठड्यावर जागोजागी कोरलेल्या या ओळी अगदी तुटक होत्या. त्यांत कोणाला फारसे काही मिळेल अशी अपेक्षाही नव्हती. प्रिन्सेप हे तुकडे छापण्यासाठी जुळवून शिळाछापावर चढवीत बसला होता. हे काम करताना त्याला एकदम दिसले की जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत आहेत. इतक्या निरनिराळ्या ओळींचा शेवट एकच कसा? त्याने विचार केला की देवालयाच्या कठड्यावर, खांबांवर कोणी लहान लहान ओळी कोरल्या असतील तर त्या देणगीदारांच्याच असणार. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे. त्या शब्दाच्या आधी बहुधा एक विशिष्ट अक्षर येत होते; ते षष्ठीचा ‘स’ असले पाहिजे. म्हणजे ‘अमक्याचे दान’. ‘द’ कळला, ‘न’ कळला, काना आणि अनुस्वार कळले. त्या किल्लीने उरलेली अक्षरेही थोड्याच अवधीत उलगडली. कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने अर्थ लागू लागला आणि ‘देवानं पिय पियदसि’ या राजाच्या आज्ञा दोन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा बोलू लागल्या. सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या टर्नरने दाखवून दिले की हा राजा म्हणजेच मौर्य सम्राट अशोक.

हा शोध कसा लागला हे प्रिन्सेपने स्वतः नमूद करून ठेवले आहे, आणि त्याचे श्रेय त्याने आपल्या विद्वत्तेपेक्षा योगायोगाला दिले आहे. परंतु हा योगायोग कोणाच्या वाट्याला आला? लेख वाचू पाहणाऱ्याची नजर अर्थाच्या शोधात पुढे धावते. लेखाची नक्कल दगडावर उतरविणाऱ्याला मात्र धावता येत नाही. त्याला प्रत्येक अक्षराची प्रत्येक रेघ, तिची लांबी, तिचा कल पाहावा लागतो. एक ओळ झाली की दुसरी, तिसरी, चौथी. हातानेच तेच दोन आकार वीस वेळा काढले म्हणजे डोळ्यांना ते दिसल्यावाचून राहत नाहीत. बुद्धीला जे सुचले नाही ते हाताच्या मंद गतीने दाखवून दिले. ठशाच्या छंदाचा हा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ होय: तो माणसाला पाहावयास शिकवितो.

या गोष्टीचा धागा पुन्हा काशीलाच येऊन मिळतो. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर सारनाथ आहे. प्रिन्सेप काशीत होता तेव्हा तेथील अशोकस्तंभ मातीखाली गाडलेला होता. १९०४-०५ साली ओर्टेल यांनी केलेल्या उत्खननात तो आणि त्याचे सिंहशीर्ष बाहेर आले. त्यावरील ब्राह्मी लेख वाचण्याची विद्या तोवर उपलब्ध झालेली होती. १९५० साली तेच सिंहशीर्ष स्वतंत्र भारताची राजमुद्रा झाले. आज सरकारी कागदावर ते उमटलेले असते, आणि राजमुद्रा म्हणजे तरी एक ठसाच. महाराष्ट्रातही या वाचनाचा पडताळा पाहता येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील दात्यांनी दिलेल्या खांबांवर कोरलेल्या ओळींच्या शेवटी तोच ‘दानं’ हा शब्द आहे. लोणावळ्यास जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून तो अवश्य पाहावा.

मराठी माणसाला या विद्येचा छंद प्रिन्सेपच्याच काळात लागला होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मिशनऱ्यांचा शिळाछाप पाहिला आणि आपणही असे काही करावे, या ध्यासाने लाकडाचे यंत्र स्वतः बनविले. दगड मिळविले आणि अनेक खटपटी करून शाईही घरीच तयार केली. १८३१ साली त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले. काशीची चित्रे भागाभागाने बाहेर पडत होती त्याच वर्षांतली ही गोष्ट. एकाला अधिकाराचे आणि पैशाचे पाठबळ होते, दुसऱ्याला नव्हते; जिज्ञासा मात्र दोघांची सारखीच होती.

सामान्य माणसाला या छंदातून काय मिळेल? प्रत्येकाच्या हातून लिपी उलगडणार नाही हे उघड आहे. पण मिळते ते थोडे नाही. पहिला लाभ नजरेचा. तो वर सांगितला. दुसरा लाभ निश्चयाचा. पेन्सिलीची रेघ खोडता येते, कोरलेली रेघ खोडता येत नाही. म्हणून कोरण्याआधी विचार करावा लागतो, आणि कोरल्यावर जे झाले ते पत्करून पुढे जावे लागते. तिसरा लाभ नम्रतेचा. ठशावर सारे उलटे असते. डावे ते उजवे होते. आपणास जे पक्के ठाऊक आहे असे वाटते, ते अक्षरसुद्धा उलटे काढताना हात अडखळतो आणि मग लक्षात येते की आपण ते आजवर नीट पाहिलेच नव्हते. चौथा लाभ वाटण्याचा. चित्रकाराने चित्र दिले की ते त्याच्याजवळून गेले. ठसा करणाऱ्याने दहा मित्रांना दहा प्रती दिल्या तरी अकरावी त्याच्याजवळ राहते. जपानात नववर्षाची शुभेच्छापत्रे घरच्या घरी लाकडी ठशाने छापण्याची प्रथा रुजली ती यामुळेच. आपल्याकडे दिवाळीच्या किंवा संक्रांतीच्या पत्रासाठी असे करण्यास कोणती हरकत आहे?

साहित्यही फारसे लागत नाही. जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांपासून केलेल्या लिनोलियमचा एक तुकडा, दोन-तीन लहान कोरण्या, एक रबरी रूळ, थोडी छपाईची शाई आणि साधा कागद एवढे पुरे. चित्र उलटे काढावे, जे पांढरे राहावयाचे ते कोरून टाकावे, उरलेल्या भागावर शाईचा पातळ थर रुळाने द्यावा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने सावकाश घासावे आणि एका टोकापासून कागद उचलावा. कोरणी नेहमी शरीरापासून दूर चालवावी आणि दुसरा हात तिच्या पुढे कधीही ठेवू नये, एवढी खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. लहान मुलांना कोरणीऐवजी बटाट्याचे किंवा भेंडीचे काप द्यावेत. ज्यांना वाटते की इतक्या साध्या साधनातून काय निघणार, त्यांनी नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेले गांधीजींचे चित्र आठवावे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काठी टेकीत चाललेली ती दांडीयात्रेतील मूर्ती लिनोलियमच्या एका तुकड्यातूनच निघाली आहे.

एक इशारा देणेही आवश्यक आहे, आणि तोही प्रिन्सेपच्याच आयुष्यातून. लिपी उलगडल्यानंतर त्याने विसावा घेतला नाही. टांकसाळ, सोसायटी, नाणी, लेख आणि नियतकालिक हे सारे तो एकटा ओढीत राहिला. १८३८ साली त्याची प्रकृती पार ढासळली. त्याला इंग्लंडला नेण्यात आले, आणि १८४० साली वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी तो वारला. ज्या छंदाने त्याला नजर दिली तोच शेवटी त्याचे दुसरे ओझे झाला. छंद जोवर मनाला विसावा देतो तोवरच तो छंद. त्याचा हव्यास झाला म्हणजे त्याचे फळ इतरांना मिळते, करणाऱ्याला मिळत नाही. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठी त्याच्या नावाने घाट बांधला. काशीचे घाट रेखाटीत ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याचे स्मारकही घाटच व्हावे, हे उचितच झाले.

कचेरीतून घरी परतलेल्या माणसाजवळ संध्याकाळी तास-दीड तास उरतो. तो कसा घालवावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्यातला आठवड्याचा एखादा तास कोरणी, रूळ आणि कागद यांना देऊन पाहण्यासारखा आहे. त्याने दारातले झाड, गल्लीतले देऊळ किंवा आजोबांचा अडकित्ता कोरावयास घ्यावा. पहिला ठसा बहुधा बिघडेल. शाई फासेल, एखादे अक्षर उलटे उमटेल. दुसरा थोडा बरा होईल. दहाव्या ठशाच्या सुमारास त्याला कळेल की ते झाड वर्षानुवर्षे दारात उभे असूनही आपण ते आज प्रथमच पाहत आहोत.